वॉलेस झोपडीतला डबा: ऑस्ट्रेलियन आल्प्समधील जिओकॅशिंगचे एक प्रकरण

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या ईशान्य भागात बोगाँग हाय प्लेन्स नावाचे विस्तीर्ण पठार आहे आणि त्या पठारावर, स्नो गम जातीच्या वाकड्यातिकड्या निलगिरीच्या झाडांमध्ये, वॉलेस हट ही लाकडी झोपडी उभी आहे. उन्हाळ्यात गुरे घेऊन वर चढणाऱ्या आर्थर, विल्यम आणि स्टुअर्ट या तीन वॉलेस भावांनी ती १८८९ साली बांधली. या झोपडीपाशी आमच्या चार जणांच्या गटाने जिओकॅशिंगचा एक डबा ठेवला, सहा आठवड्यांनी तो स्वतःच काढून घेतला आणि पुढे त्याच जागेभोवती निराळ्या रचनेचा शोध आखला. या सगळ्यात चूक कुठे झाली, ती कशी लक्षात आली आणि तिच्यावर काय उपाय केला, याची ही सविस्तर नोंद आहे. आम्ही चौघेही मेलबर्नला राहतो, सह्याद्रीत भटकून वाढलो आहोत आणि जुन्या वास्तूंशी कसे वागावे हे आपल्याला कळते, असे आम्हांला वाटत होते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. जिओकॅशिंगमध्ये एक जण नोंदवही घातलेला डबा कुठेतरी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर जाहीर करतो; इतरांनी उपग्रहांच्या मदतीने ती जागा गाठायची, डबा शोधायचा, वहीत नाव लिहायचे आणि डबा होता तसा ठेवून द्यायचा. यातला ‘कॅश’ शब्द पैशांचा नव्हे. लपवून ठेवलेला साठा असा त्याचा अर्थ आहे. (आमच्या एका सभासदाच्या आईंचा मात्र अजूनही समज आहे की मुलगा डोंगरात पैसे पुरून येतो.) अमेरिकी सरकारने मे २००० च्या आरंभी जीपीएस संदेशांत मुद्दाम घातली जाणारी चूक बंद केली, त्यामुळे सामान्य माणसाच्या हातातल्या यंत्राची अचूकता एका रात्रीत सुमारे दहापटीने वाढली आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात पहिला डबा ठेवला. तो डबा म्हणजे जमिनीत अर्धवट पुरलेली एक बादली होती आणि तिच्यात इतर वस्तूंबरोबर घेवड्याचा एक सीलबंद डबाही होता. आज या खेळाच्या नियमांनुसार जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय जमीन खणता येत नाही आणि डब्यात खाद्यपदार्थ ठेवता येत नाहीत. म्हणजे या खेळातला पहिलाच डबा आजच्या परीक्षकाने नाकारला असता.

आता वाटेविषयी. ऑस्ट्रेलियन आल्प्स वॉकिंग ट्रॅक ही सुमारे ६५० किलोमीटरची वाट वॉलहाला या जुन्या सोन्याच्या खाणींच्या गावातून निघते आणि व्हिक्टोरिया व न्यू साउथ वेल्स ओलांडून राजधानी कॅनबेराजवळच्या थार्वाच्या परिसरात संपते. संपूर्ण वाट एका दमात चालणाऱ्यांना साधारण पाच ते आठ आठवडे लागतात. वाटेवर दुकाने जवळजवळ नाहीतच, म्हणून चालणारे लोक आधी गाडीने फिरून रस्ते जिथे वाट कापतात तिथे शिध्याचे पिंप झाडीत ठेवून येतात. काही भागांत पाट्याही नाहीत. बोगाँग हाय प्लेन्सवर मात्र धुक्यात आणि बर्फात दिशा कळावी म्हणून क्रमांक घातलेले उंच खांब रांगेने रोवलेले आहेत आणि पठारावरची माणसे जागा सांगताना ‘३३३ नंबरच्या खांबापाशी’ असेच सांगतात. दक्षिणेकडून येणारी वाट या खांबांच्या सोबतीने कोप हट या १९२९ साली बर्फावर घसरण्यासाठी येणाऱ्या पर्यटकांसाठी बांधलेल्या झोपडीशी येते, तिथून वॉलेस हटला आणि पुढे रोपर्स हटमार्गे बिग रिव्हर या नदीच्या खोऱ्यात उतरते.

वॉलेस हट ही अल्पाइन राष्ट्रीय उद्यानातली गुराख्यांची सर्वांत जुनी शाबूत झोपडी मानली जाते आणि १९६७ साली नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने तिला वारसा वास्तूंच्या यादीत घेतले. भिंती स्नो गमच्या उभ्या चिरलेल्या जाड फळ्यांच्या आहेत, छपरावर लाकडी कौले आहेत आणि त्यांच्या रक्षणासाठी पुढे वरून पत्रा चढवलेला आहे. फळ्या हाताने चिरलेल्या असल्यामुळे त्यांच्या कडा कुठेच सरळ नाहीत. दोन फळ्यांमध्ये कुठे बोट जाईल एवढी, तर कुठे तळहात जाईल एवढी फट आहे. जानेवारी २००३ मध्ये विजा पडून पेटलेल्या वणव्यांनी या डोंगरांतल्या कित्येक झोपड्या राख केल्या. रोपर्स हटही त्यात जळाली आणि नंतर नव्याने बांधली गेली. वॉलेस हट वाचली. मुख्य रस्त्यापासून ती चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे, त्यामुळे आठवडाभर पाठीवर ओझे वाहून आलेला माणूस आणि गाडीतून नुकतेच उतरलेले कुटुंब एकाच वेळी तिच्या दारात उभे असलेले दिसते. आमच्या प्रकरणात या गोष्टीला बरेच महत्त्व आहे.

डबा कसा ठेवला गेला

जानेवारीच्या अखेरीस, जोडून आलेल्या सुट्टीत, आम्ही माउंट हॉथमहून फॉल्स क्रीक या स्कीच्या गावापर्यंतचा टप्पा चाललो. वॉलेस हटपाशी जेवताना आमच्यातल्या ज्येष्ठ सभासदांनी, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, पिशवीतून अर्धा लिटरचा, चारी बाजूंनी कड्या लागणारा प्लास्टिकचा डबा काढला. त्यात एक वही, दोन शिसपेन्सिली आणि मुलांसाठी चार-दोन फुटकळ वस्तू होत्या. झोपडीच्या मागच्या भिंतीच्या तळाशी असलेल्या रुंद फटीत तो चपखल बसला. जणू ती जागा त्याच्यासाठीच राखलेली होती. काही खणले नाही, खिळा मारला नाही, आत काही ठेवले नाही, एवढ्यावर आम्ही मनाचे समाधान करून घेतले. जमिनीची व्यवस्था पाहणाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते हा नियम आम्हांला माहीत होता. ‘आधी जागा पक्की करू, मग विचारू’ असे आम्ही ठरवले, आणि हा क्रम उलटा होता हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे.

मेलबर्नला परतल्यावर संकेतस्थळावर माहिती भरली. असा प्रत्येक शोध जाहीर होण्यापूर्वी एक स्वयंसेवक परीक्षक तो तपासतो. त्यांच्याकडून दोनच प्रश्न आले: उद्यानाच्या व्यवस्थापनाची परवानगी आहे का, आणि साडेचार-पाच तासांच्या अंतरावर राहून, हिवाळ्यात रस्ता बर्फामुळे बंद असताना, तुम्ही डब्याची देखभाल कशी करणार. दोन्ही प्रश्नांना आमच्याकडे उत्तर नव्हते. शोध जाहीर झाला नाही. डबा मात्र भिंतीत तसाच राहिला, आणि जाहीर झालेला नसल्यामुळे तो कुणाला सापडणार नाही, असे आम्ही गृहीत धरले.

वहीतले पान

मार्चच्या दुसऱ्या सोमवारी व्हिक्टोरियात कामगार दिनाची सुट्टी असते. त्या जोड-सुट्टीत आम्ही डबा परत आणायला गेलो. तो फटीतून बाहेर येऊन आतल्या जळणाच्या ढिगाशेजारी ठेवलेला होता. काकांच्या बारा वर्षांच्या पुतणीने झाकण उघडले, वही चाळली आणि विचारले, “काका, हे कुणी लिहिलंय?”

वहीच्या पहिल्या पानावर, आमच्याच शिसपेन्सिलीने, ओल्या हाताने लिहिलेल्या चार ओळी होत्या. फेब्रुवारीतली तारीख, दुपारची वेळ, एकटा चालत असल्याचा उल्लेख, आणि मग मजकूर असा की पाऊस थांबत नाही, नदीला पाणी चढले असेल, म्हणून रोपर्सचा बेत रद्द करून रस्त्याने फॉल्स क्रीकला उतरत आहे. खाली सही होती.

ज्यांनी या डोंगरांत पायपीट केली आहे त्यांना या चार ओळींचा अर्थ लगेच कळेल. इथल्या झोपड्यांमध्ये एक वही असते. तीत चालणारा माणूस आपले नाव, तारीख, कुठून आलो आणि कुठे चाललो हे लिहितो. पाहुण्यांचा अभिप्राय म्हणून कुणी दोन ओळी खरडतो हेही खरे, पण तिचा मूळ उपयोग वेगळा आहे: माणूस ठरल्या दिवशी पोहोचला नाही तर शोधपथक झोपडी-झोपडीतल्या वह्या वाचत त्याचा माग काढते. हा उपयोग नुसता कागदोपत्री नाही. ऑगस्ट १९३६ मध्ये याच डोंगररांगेतल्या माउंट बोगाँग या १,९८६ मीटर उंचीच्या शिखरावर तीन स्कीवाले हिमवादळात सापडले. त्यांच्यापैकी क्लीव्ह कोल यांचा मृत्यू झाला आणि पुढे त्या डोंगरावर त्यांच्या नावाची झोपडी बांधली गेली. या भागात झोपडी, वही आणि जीव यांचा संबंध इतका थेट आहे.

आम्ही वॉलेस हटमधली वही काढून पाहिली. त्या तारखेला त्या माणसाची नोंद तिच्यात नव्हती. मग अर्ध्या-पाऊण तासात कोप हटला मागे जाऊन तिथली वही पाहिली आणि तिथे तेच अक्षर, तीच तारीख, सकाळची वेळ सापडली. जेवायला वॉलेस, मुक्काम रोपर्स, दुसऱ्या दिवशी बिग रिव्हर, असे तिथे स्वच्छ लिहिलेले होते. म्हणजे त्या दिवशी हा माणूस उतरताना कुठे घसरून पडला असता तर शोधपथकाने कोपमधली वही वाचून रोपर्स आणि नदीच्या दिशेने माणसे पाठवली असती. प्रत्यक्षात तो अगदी विरुद्ध बाजूला, फॉल्स क्रीकच्या रस्त्यावर असता. बदललेला बेत लिहिलेली एकमेव वही आमच्या डब्यात होती, आणि तो डबा अस्तित्वात आहे हे आम्हा चौघांखेरीज आणि एका परीक्षकाखेरीज कुणालाच माहीत नव्हते.

आम्ही त्या ओळी तारखेसह वॉलेस हटच्या वहीत उतरवल्या, त्या कुठून उतरवल्या हे लिहिले आणि मोबाइलला रेंज येताच उद्यानाच्या कार्यालयाला फोन केला. त्या सुमारास कुणी बेपत्ता असल्याची तक्रार नव्हती. डबा ठेवल्याची कबुलीही त्याच फोनवर दिली. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि इतकेच विचारले, की जाहीर झाला असता तर लोकांनी तो कसा शोधला असता. त्या प्रश्नाचा रोख आम्हांला त्या वेळी पुरता कळला नव्हता.

शोध कसा चालतो, याचा विचार

आमच्या चर्चेत तोवर डबा हाच मुद्दा होता: तो केवढा असावा, कोणत्या रंगाचा असावा, भिंतीला त्याचा काही उपद्रव होईल का. पण अर्धा लिटरचा डबा फटीत पडून राहिला तर शंभर वर्षे टिकलेल्या फळीला त्याने काही होत नाही. जे व्हायचे ते शोधणाऱ्यांच्या हातांनी होते.

मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचा जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो; झाडाखाली आणि भिंतीलगत तो आणखी भरकटतो. डबा ठेवणाऱ्याची चूक आणि शोधणाऱ्याची चूक मिळून दहा मीटरचे वर्तुळ धरावे लागते. त्या वर्तुळात अख्खी वॉलेस हट मावते. म्हणजे यंत्र शोधणाऱ्याला झोपडीपर्यंत आणून सोडते आणि पुढचे काम हातांनी करायचे असते. या खेळात मुरलेला माणूस जिथे हात जाईल तिथे हात घालून पाहतो. शहरातल्या बागेत बाकाखाली, रेलिंगच्या नळीत किंवा पाटीमागे तसे करून कुणाचे काही बिघडत नाही. इथे प्रत्येक फट, धुराड्याचा प्रत्येक सुटा दगड, कौलाची प्रत्येक उचललेली कड ही लपवण्याची जागा वाटते, कारण ती खरोखरच तशी आहे. वीस जणांना डबा सापडला तर त्यांच्यापैकी अठरा जणांनी आधी इतर पाच-सात ठिकाणी ओढून, ढकलून, बोटे घालून पाहिलेले असते. आणि ज्यांना तो सापडत नाही ते सर्वांत जास्त वेळ शोधतात.

सह्याद्रीतल्या कातळातल्या टाक्यांवर आणि दरवाजांवर बदामात कोरलेली नावे पाहून आपण संतापतो. तो संताप योग्य आहे, पण त्यात एक सोय असते: तिथे दोषी माणूस उघड दिसतो. इथे कुणी दोषी नसतो. प्रत्येक जण सभ्य असतो, कचरा उचलणारा असतो, फळी हलवली तर पुन्हा नीट बसवणारा असतो. फळीला मात्र ती चाळिसाव्यांदा हलते आहे एवढेच ठाऊक असते.

यावर काकांनी सुचवलेला पहिला उपाय असा होता की झोपडी सोडून जवळच्या खडकांच्या राशीत डबा ठेवावा. दिसायला हा उपाय समंजस वाटतो. या पठारावर तो अधिक वाईट आहे. बोगाँग नावाचे पतंग दर उन्हाळ्यात दूरच्या सपाट प्रदेशांतून उडत येऊन याच उंचीवरच्या खडकांच्या गार फटींत निपचित बसून राहतात. पठाराचे नाव आणि त्यांचे नाव एकच आहे. इथले आदिवासी समाज पिढ्यानपिढ्या या पतंगांच्या हंगामासाठी डोंगरावर जमत असत. या पतंगांची संख्या अलीकडे इतकी घसरली की २०२१ साली त्यांचा समावेश जागतिक पातळीवरच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत झाला. हेच पतंग माउंटन पिग्मी पॉसम या मुठीत मावणाऱ्या प्राण्याचे महत्त्वाचे खाद्य आहेत आणि तोही खडकांच्या राशींतच राहतो. हा प्राणी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फक्त जीवाश्मांवरून ओळखला गेला होता. १९६६ साली तो जिवंत सापडला, आणि तो सापडला माउंट हॉथमवरच्या एका स्की-झोपडीत. तेव्हा खडकांच्या फटी चाचपायला लोकांना पाठवणे हा काही उपाय नव्हे. झोपडीच्या खालच्या अंगाला शेवाळाच्या दलदली आहेत. तिथे शोधणाऱ्यांच्या पावलांनी वाट पडली की पाणी त्या वाटेने वाहू लागते आणि शेवाळ सुकते. हिरवळीवरची वाट दुसऱ्या वर्षी भरून येते, दलदलीतली सहजासहजी येत नाही.

आम्ही जे दोन तयार पर्याय तपासले त्यांचा निकाल लवकर लागला. डबाच नसलेले ‘व्हर्च्युअल’ शोध २००५ पासून सर्वांना नव्याने नोंदवता येत नाहीत. २०१७ पासून काही निवडक खेळाडूंना ती मुभा बक्षीस म्हणून मिळत गेली, आम्ही त्यांत नाही. भूविज्ञानावर आधारलेले ‘अर्थकॅश’ हे दुसरे. त्यांची सुरुवात २००४ साली झाली आणि पहिला अर्थकॅश ऑस्ट्रेलियातच, न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर, नोंदवला गेला. परंतु त्यात भूगर्भाचा धडा असावा लागतो, आणि आम्हांला सांगायचे होते ते तीन भावांविषयी. फॉल्स क्रीकजवळच्या रूइन्ड कॅसल या बेसॉल्टच्या खांबांसाठी हा प्रकार शोभून दिसेल; दख्खनच्या काळ्या कातळावर वाढलेल्या माणसाला ते खांब परके वाटत नाहीत. पण तो वेगळा विषय झाला.

नवी रचना

अखेरीस आम्ही टप्प्याटप्प्याच्या शोधाचा प्रकार निवडला. यात पहिल्या टप्प्यांवर डबा नसतो, तिथे फक्त एखाद्या प्रश्नाचे उत्तर मिळवायचे असते आणि त्या उत्तरांतले आकडे जोडून शेवटच्या डब्याचे अक्षांश-रेखांश तयार होतात. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवे हा नियमही अशा बिनडब्याच्या टप्प्यांना लागू होत नाही. आमच्या शोधात कोप हट, वॉलेस हट आणि खांबांच्या रांगेतली दोन ठिकाणे हे प्रश्नांचे टप्पे आहेत, आणि डबा पठारावर कुठेच नाही. तो खाली, उद्यानाच्या हद्दीबाहेर, माउंट ब्यूटी गावात एका लहान पाहुणघराच्या कुंपणाशी आहे. मालकांनी लेखी संमती दिली आणि डब्यावर बारा महिने लक्ष ठेवण्याचेही कबूल केले. देखभालीचा प्रश्न त्याने परस्पर सुटला.

प्रश्न काय विचारायचे हे ठरवताना आम्ही पुन्हा एकदा चुकलो. वॉलेस हटसाठी मी लिहिलेला पहिला प्रश्न धुराड्याच्या एका बाजूच्या दगडांच्या संख्येविषयी होता, कारण तो घरबसल्या छायाचित्रांवरून सोडवता येणार नाही याचा मला अभिमान वाटत होता. ईस्टरच्या सुट्टीत आम्ही त्याची चाचणी घेतली. काकांच्या पुतणीला कागद दिला आणि आम्ही बाजूला उभे राहिलो. तिने खालून दोनदा मोजले, दोन्ही वेळा वेगळा आकडा आला, मग नीट दिसावे म्हणून तिने भिंतीलगतच्या ओंडक्यावर एक पाय ठेवला आणि तोल सांभाळायला हात सरळ फळीच्या वरच्या कडेला घातला. आम्ही ओरडायच्या आत ती खालीही उतरली. तिचे काही चुकले नव्हते. प्रश्नानेच तिला वर चढवले होते. त्याच दुपारी तो प्रश्न रद्द केला आणि माहितीफलकावरून, भिंतीपासून चार पावले दूर उभे राहून, हात खिशात ठेवून देता येतील असेच प्रश्न ठेवले: बांधणीचे साल, भावांची संख्या. घरबसल्या उत्तर शोधणाऱ्यांना अडवायचे काम खांबांच्या क्रमांकांवर सोपवले. ते क्रमांक कोणत्या वळणावरचे, हे इथे सांगत नाही.

शोधाच्या वर्णनात आम्ही ठळकपणे तीन वाक्ये घातली: झोपडीत किंवा झोपडीभोवती डबा नाही, भिंतींना, धुराड्याला आणि जळणाला हात लावण्याची गरज नाही, झोपडीतली वही या खेळाची नाही, मात्र पुढे पायी जाणार असाल तर तिच्यात नाव, तारीख आणि पुढचा बेत अवश्य लिहा. उद्यानाच्या कार्यालयाला मसुदा पाठवला आणि त्यांनी त्यावर एकच सूचना केली, ती म्हणजे झोपडी आता मुक्कामाची जागा नसून अडचणीच्या वेळचा आसरा आहे, हेही लिहावे. ते लिहिले. परीक्षकांनी या वेळी एकच प्रश्न विचारला, फलक बदलला तर काय कराल, आणि त्याचे उत्तर आमच्याकडे होते: दर वर्षी रस्ता उघडला की पहिल्या फेरीत सगळे आकडे पडताळायचे, आणि रस्ता बंद असेल तेवढे महिने शोध स्थगित ठेवायचा.

या रचनेत एक उणीव आहे आणि ती आम्हांला अजून दूर करता आलेली नाही. संपूर्ण ६५० किलोमीटर चालणारा माणूस माउंट ब्यूटीला उतरत नाही. ज्या वाटेमुळे आम्ही या झोपडीपाशी पोहोचलो, त्या वाटेवरच्या माणसालाच आमचा डबा गाठता येत नाही. तो गाडीने आलेल्यांना सोयीचा आहे. आमच्यातल्या एकाचे म्हणणे असे की पाठीवर दहा दिवसांचा शिधा असलेल्या माणसाला तसाही डबे शोधण्यात रस नसतो. मला ते पटत नाही. संध्याकाळी झोपडीच्या दारात बसलेल्या, दोन दिवस कुणाशी न बोललेल्या माणसाला वहीत चार ओळी लिहाव्याशा वाटतात, हे त्या फेब्रुवारीतल्या पानाने दाखवले आहे. फरक एवढाच की त्याच्यासाठी वही आधीपासूनच तिथे आहे.

शोध जाहीर झाल्यावर पहिली नोंद एका कुटुंबाची आली. त्यांना भावांची संख्या मिळाली, खांब मिळाले, पण कोप आणि वॉलेस यांच्या सालांची अदलाबदल झाल्यामुळे ते आधी माउंट ब्यूटीजवळच्या एका कुरणात, गाईंच्या मधोमध, जाऊन उभे राहिले. कुरण खाजगी होते. आम्ही त्याच रात्री सूत्रात बदल करून साले उलटी घातली तर उत्तर थेट डांबरी रस्त्यावर पडेल अशी व्यवस्था केली. दुसऱ्या उन्हाळ्यात, रस्ता उघडल्यावर, आकडे पडताळायला गेलो तेव्हा फलक तोच होता, खांबांचे क्रमांक तेच होते, आणि वॉलेस हटच्या वहीत आम्ही उतरवलेल्या नोंदीखाली, वेगळ्या शाईत, त्याच सहीने एक ओळ लिहिलेली होती: त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फॉल्स क्रीकला सुखरूप पोहोचलो होतो, आज रोपर्सकडे निघालो आहे.